चिटणीस डॉक्टरांचे घोडे

दवाखान्यात वस्तू टिकत नाहीत. थर्मामीटर फुटतात, चमचे पेशंटांबरोबर घरी जातात, चादरी विरून त्यांची बँडेजं होतात. टिकतात ते फक्त किस्से. कुणी ते स्टॉकमध्ये घेत नाही की कुणी झाडून काढत नाही. मग एक दिवस पाहावं तर औषधांपेक्षा तेच जास्त झालेले!

मी पालघरच्या त्या लहानशा दवाखान्यात नर्स म्हणून लागले, ती साठच्या दशकातली गोष्ट. मूळची मी नाशिककडची. मासळीचा वास आला की डोकं धरणारी, आणि तोंडानं फटकळ. त्यातला पहिला दोष पालघरनं घालवला, दुसरा अजून आहे. आता आम्ही चार जुन्या मैत्रिणी जमलो की चहाचा कप हातात यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ते घोड्यांचं सांग ना." मग काय, एक सांगितला की दुसरा त्याच्या शेपटीला धरून येतो.

*

घोडा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. पाय मोडला की तो उंचावर ठेवावा लागतो, नाहीतर सुजतो. हाड ओढून धरायचं असेल तर पायाला दोरी बांधायची, ती कप्पीवरून सोडायची आणि टोकाला वजन टांगायचं. या सगळ्यासाठी पायाखाली जो आधार लागतो, तो आमचा घोडा. मुंबईहून आलेला एक लोखंडी होता, पण तो एकाच मापाचा, आणि आमच्याकडे पाय यायचे सगळ्या मापांचे.

आमचे डॉक्टर चिटणीस म्हणजे उंच, सडपातळ आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी बेटेगावच्या जानू सुताराला बोलावलं आणि सागवानाचे तीन घोडे करून घेतले. दोन फळ्या बिजागरीनं जोडलेल्या, खाली दांडा, दांड्याला ओळीनं भोकं आणि भोकात बसणारी खुंटी. खुंटी वरच्या भोकात घातली की पाय वर, खालच्या भोकात घातली की पाय खाली. इतकं सोपं!

घोडे आले त्या दिवशी डॉक्टर स्टाफला दाखवायला स्वतःच पलंगावर आडवे झाले. पाय घोड्यावर टाकला, पट्टे बांधायला लावले आणि मला म्हणाले, "सिस्टर, एक भोक वर." मी खुंटी वर घातली. अजून एक म्हणाले, तीही घातली. नवं लाकूड, नवी खुंटी. ती अशी काही घट्ट बसली की निघेचना. मी म्हटलं, पट्टे सोडते, तुम्ही उठा. तर म्हणे, पेशंटला उठता येतं का? खुंटी निघेपर्यंत मीही उठणार नाही. सुतार हातोडी आणायला बाजारात गेला आणि डॉक्टर पाय छताकडे करून पडून राहिले.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. बायकोचा घोटा मुरगळला होता, म्हणून तिला पाठुंगळीला घेऊन आला होता बिचारा. डॉक्टर कुठं आहेत म्हणून त्यानं मला विचारलं. मी पलंगाकडे बोट दाखवलं. त्यानं डॉक्टरांकडे बघितलं, त्यांच्या पायाकडे बघितलं, बायकोला पाठीवर जरा सावरून घेतलं आणि तिला म्हणाला,

"चल गो. यांचाच अजून बरा झाला नाय."

*

पाऊस लागायच्या सुमाराला दोन घोडे कामाला लागले. एकावर कुंभवलीचे दामूआबा पाटील. शेताच्या बांधावरून घसरून घोटा मोडलेला, पण मान अजून ताठ. शेजारच्या पलंगावर शंकर माने, साताऱ्याकडचा तरणा गडी. तारापूरला तेव्हा बिजलीघराचं बांधकाम चाललं होतं, त्यासाठी आलेला. तो कामावर पडला नव्हता हं! सुटीच्या दिवशी उसनी सायकल घेऊन बोईसरच्या बाजाराला निघाला आणि सायकलसकट ओढ्यात गेला. मांडीचं हाड मोडलं. सायकलवाला भेटायला आला तो आधी सायकलची चौकशी करून मगच पायाकडे वळला.

आता मांडीचं हाड मोडलेल्या शंकरचा पाय वरच्या भोकावर आणि घोट्यावाल्या आबांचा पाय खालच्या. आबांना भेटायला रोज निम्मं कुंभवली यायचं. दोन दिवस सगळे गप्प बसले. तिसऱ्या दिवशी आबांचा पुतण्या माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला की सिस्टर, एवढे गावचे पाटील, त्यांचा पाय खाली आणि परगावच्या मजुराचा वर, हे बरं दिसत नाही. मी त्याला सूज, रक्त, हाड सगळं समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. मी जेवायला गेले आणि त्यानं खुंटी काढून सगळ्यात वरच्या भोकात घातली!

डॉक्टर राउंडला आले तेव्हा आबा जवळजवळ उलटे टांगलेले होते. तोंड लालबुंद, पण चेहऱ्यावर समाधान. आता आभाळ कोसळणार म्हणून मी बाजूला सरकून उभी राहिले. पण डॉक्टरांनी नेहमीसारखा पायाच्या बोटांमागे अंगठा दाबला आणि खळगा पडतो का ते बघितलं. सूज किती उरली हे ओळखायची त्यांची ती रीत होती. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाटील, ज्याची सूज जास्त त्याचा पाय वर. माणूस बरा होत जातो तसतसा पाय खाली येतो. सगळ्यात खालच्या भोकावर आला की घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आबांचा पाय जमिनीला टेकायला आलेला, शंकरचाही खाली. कोपऱ्यात एक टायफॉइडचा पेशंट होता, त्यानं तर डोक्याखालची उशीच काढून टाकली होती!

डॉक्टरांनी मला झापलं, मी पुतण्याला झापलं, आणि खुंट्या पुन्हा जागच्या जागी गेल्या. पण त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात एक रिवाज पडला. डॉक्टर अंगठा दाबायचे तेव्हा सगळे श्वास धरून बघत बसायचे. "सिस्टर, एक भोक वर" म्हणाले की सुतक. "सिस्टर, एक भोक खाली" म्हणाले की मी खुंटी काढायची आणि वॉर्डातले सगळे आपापले जर्मनचे मग पलंगाच्या गजावर बडवायचे. दामूआबा घरी गेले तेव्हा तर वरात निघाल्यासारखा आवाज झाला.

*

शंकरची आई गावाहून आली ती पत्र मिळाल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा. गळ्यात तुळशीची माळ, काखोटीला बोचकं. वॉर्डात पाऊल टाकलं आणि बघते तर काय, लेकाच्या पायाला दोरी, दोरीच्या टोकाला फडक्यात बांधलेल्या विटा! आमच्याकडे वजनं कुठली असणार? डॉक्टर विटाच वापरायचे.

म्हातारीनं जवळचं स्टूल ओढलं आणि विटा उचलून त्यावर ठेवल्या. मी स्टूल काढलं. तिनं खोकं आणून ठेवलं. मी खोकं काढलं. मग ती स्वतः खाली बसली आणि विटा मांडीवर घेतल्या, नातवंड घ्यावं तशा. डॉक्टरांनी तिला नाना परींनी समजावलं की वजन लोंबतं आहे म्हणून हाड सरळ राहतं, नाहीतर तुमचा मुलगा जन्मभर लंगडेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय सायेब. तुमी जावा, मी हाय हितं." आणि विटा मांडीवरच!

असं चालू राहिलं असतं तर शंकरचा पाय आखूड झाला असता, यात शंका नाही. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात "हात लावू नये" लिहून टांगलं. तिला वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं तेही येताजाता हळहळून विटांना खालून हात देतच होते.

शेवटी मी चिडून म्हटलं, "आई, तुमचा विठोबा कशावर उभा आहे?"

"इटंवर," ती म्हणाली.

"कुणी ती काढून घेतली तर?"

म्हातारीनं विटा मांडीवरून अलगद सोडल्या. बोचक्यातून करंडा काढला, प्रत्येक विटेला हळदकुंकू लावलं, बाहेरच्या कण्हेरीचं एक फूल खोचलं आणि दुरून हात जोडले.

त्यानंतर कुणाच्या बापाची हिंमत झाली नाही त्या विटांना हात लावायची! जो येई तो नमस्कार करून बाजूनं जाई. पुठ्ठा मी काढून टाकला. पुढच्या वेळी दुसऱ्या एका पायाला वजन टांगायची वेळ आली तेव्हा डॉक्टर दोरी बांधता बांधता माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, कुंकू शिल्लक आहे ना?"

*

तो दुसरा पाय होता पांडू तांडेलाचा. तो आला आणि आमचा तिसरा घोडाही भरला.

तांडेल म्हणजे नावेचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हातात आणि नावेवरच्या सगळ्या गड्यांचा जीवही. पांडू तांडेल दातिवऱ्याचा. पाऊस लागल्यावर घाईनं नाव किनाऱ्यावर ओढून घेताना दोर तुटला, नाव घसरली आणि नडगीची दोन्ही हाडं मोडली. रुंद छाती, पिकल्या मिशा, आवाज असा की बोलला तर बाहेर सायकलवर जाणारा माणूस वळून बघेल. असा माणूस पाय वर करून पलंगाला जखडलेला. त्याला झोप म्हणून येत नव्हती. कारण विचारलं तर म्हणे, "बाय, हितं कसलाच वास येत नाय."

त्याची बायको जानकीबाय पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकायची आणि पाटी रिकामी झाली की वॉर्डात यायची. पाऊस तर मुसळधार, घरी काही वाळेना, सादळलेल्या बोंबलांना बुरशी धरायला लागली. आमच्या घोडेवाल्यांच्या पलंगांवर पेशंटला धरून उठता यावं म्हणून एक आडवा बांबू बांधलेला असायचा. जानकीबायनं तो बांबू बघितला. कोळीवाड्यात बोंबील वाळत घालायला असतात तशीच ती वलांडी. तिच्या डोळ्याला ती दुसरी काही दिसलीच नसेल. मी औषधं वाटून परत येते तर तांडेलाच्या डोक्यावरून पायापर्यंत बोंबलांचं तोरण, आणि खाली तांडेल घोरतोय!

मी ओरडणार होते. पण इतक्या दिवसांनी तो माणूस झोपला होता, म्हणून तोंड मिटलं. आणि मला धाक डॉक्टरांचा नव्हता, शेजारच्या पलंगाचा होता. तिथं बसली होती शंकरची माळकरी आई.

ती नाकाला पदर लावून म्हणाली, "नाव पांडुरंग, आन् उशाला बोंबील!" आणि भिंतीकडे तोंड करून बसली ती दोन दिवस तशीच. जानकीबाय आली की हिची पाठ, जानकीबाय गेली की हिचा उसासा. मी डॉक्टरांकडे जाऊन काय तो एकदाचा निकाल लावून घ्यायचं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. खिडक्यांची दारं धडाधड आपटायला लागली, पाऊस तिरपा आत आला. मी धावत वॉर्डात गेले आणि दारातच थांबले. म्हातारी स्टुलावर चढली होती. एका हातानं पदर नाकाशी, दुसऱ्या हातात माझा ड्रेसिंगचा चिमटा, आणि एकेक बोंबील काढून कोरड्या पाटीत टाकत होती.

"आई, हे काय? माळेला चालतं का?"

"माळ भिजली तर वाळती बाई," ती म्हणाली. "त्या बिचारीचं हे नासलं तर ती काय इकंल?"

चिमटा मात्र मी तीनदा उकळला.

*

तांडेलाचं खरं दुखणं पायात नव्हतं. ते मला कळलं त्याचा चुलतभाऊ बुधाजी यायला लागल्यावर.

नाव दोघांच्या वाट्याची. आणि त्यांच्या घराण्यातली रीत अशी की नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहून जो सुकाणू धरून नाव बाहेर काढील, तोच त्या सालचा तांडेल. मग वर्षभर बदल नाही. एका वर्षी पांडू तापानं पडला होता तेव्हा बुधाजीनं नाव नेली होती, आणि घाईघाईनं खडकावर घातली. एक खलाशी बुडता बुडता वाचला. त्या खलाशाची बायको जानकीबायबरोबर वॉर्डात येऊन नुसती तांडेलाच्या पायाकडे बघत बसायची. तिला दुसरं काही विचारायचंच नसायचं.

बुधाजी यायचा तो केळी घेऊन. बसायचा, गोड बोलायचा, आणि जाता जाता मला विचारायचा, "अजून लय दिस लागतील ना, बाय?" मी म्हणायची, देव जाणे. एकदा तर घोड्याची खुंटी हलवून बघत होता, घट्ट आहे ना म्हणून! शंकरच्या आईनं त्याच्या हातावर चापट मारली.

पाय सुधारत होता. विटा सुटल्या, मांडीपर्यंत प्लास्टर चढलं, आता प्लास्टरसकट पाय नुसता घोड्यावर. पण सूज हट्टी. रोज सकाळी डॉक्टर प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांमागे अंगठा दाबायचे, रोज खळगा पडायचा, आणि खुंटी तिथंच राहायची. सगळ्यांचे मग हातात धरलेले ते हातातच.

पुनव जवळ आली तशी तांडेलानं सुटी मागितली. डॉक्टर म्हणाले, पुनवेनंतर अजून महिना. तांडेल म्हणाला, मग पाय राहिला तरी त्याचा उपयोग काय? शब्दानं शब्द वाढला. दोघेही आवाजाचे दांडगे, बाहेर ओपीडीतली माणसं उठून उभी राहिली. शेवटी तांडेलानं रागानं दोन्ही हातांनी प्लास्टर धरलं आणि पाय घोड्यावरून उचलायला लागला.

डॉक्टर एकदम खालच्या आवाजात बोलले. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तांडेल, हाड अजून कच्चं आहे. पाय घोड्यावरून खाली आला आणि त्यावर भार पडला, तर तो मला पुन्हा जोडता येणार नाही. तेव्हा पाय घोड्यावरून उतरवायचा नाही. घोड्यावर ठेवून मग तुम्ही बोंबील वाळवा, भांडण करा, काय वाटेल ते करा."

तांडेलानं पाय परत ठेवला. मग जानकीबायला जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. मला वाटलं, पाणी मागितलं असेल.

*

नारळी पुनवेलाच राखी. डॉक्टर बहिणीकडे मुंबईला गेलेले. वॉर्डात मी एकटी.

सकाळी नावेवरचे सगळे गडी आले. धुतलेले कपडे, डोक्याला लाल टोप्या, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. त्यांच्यातला एक म्हातारा खलाशी पुढं होऊन अगदी अदबीनं म्हणाला, "बाय, तांडेलला नेतो."

मी म्हटलं, मुळीच नाही. पाय घोड्यावरून उतरवायचा नाही, डॉक्टरांची ऑर्डर आहे.

"नाय उतरवत," तो म्हणाला.

मोडक्या हाडाच्या पेशंटच्या गादीखाली आम्ही लाकडी फळी घालायचो. त्यांनी दोन्ही बाजूंनी त्या फळीला हात घातला आणि एका दमात फळी, गादी, तांडेल आणि घोडा असं सगळंच उचललं! नाव उचलणारी माणसं ती, त्यांना एक तांडेल म्हणजे काय? शंकरच्या आईनं झटकन पुढं होऊन घोड्याला कुंकू लावलं. शंकरनं आपला मग बडवायला सुरुवात केली, तसा अख्खा वॉर्ड बडवायला लागला. मी त्यांच्यामागं धावतेय आणि तोंडातून काय निघावं? "अहो, फळी दवाखान्याची आहे!"

फाटकावरच्या वॉचमननं कसली तरी पालखी समजून हात जोडून फाटक उघडलं. बाहेर मासळीची लॉरी उभी होती. संध्याकाळी आणून पोचवतो म्हणाले. फळी आणि गादी खरंच आली, धुऊनपुसून. तांडेल आणि घोडा आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर परतले आणि रिकाम्या पलंगापाशी उभे राहिले. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "पण सर, तुमच्या ऑर्डरप्रमाणे पाय घोड्यावरच आहे." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ प्लास्टरची पिशवी उचलली आणि त्यांच्यामागं निघाले. सफाळ्यापर्यंत गाडी, पुढं टांगा. मला खरंच भीती वाटत होती. ओलं प्लास्टर, कच्चं हाड, समुद्राचे हेलकावे. तांडेलाचा पाय कापायची वेळ आली तर काय, एवढंच माझ्या डोक्यात.

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा भरती होती आणि नावा परत येत होत्या. जानकीबाय वाळूत उभी होती. बुधाजी जरा लांब, पालथ्या घातलेल्या एका होडीवर बसला होता, आज केळी नव्हती. डॉक्टरांनी जानकीबायला विचारलं, "तांडेल कुठं आहे?"

तिनं समुद्राकडे हात केला.

नाव जवळ आली तसं दिसलं. नावेच्या मागच्या टोकाला आमचा सागवानी घोडा दोरांनी आवळून बांधलेला. त्यावर मेणकापडात गुंडाळलेला पाय, अगदी वॉर्डात होता त्याच भोकावर. आणि पायामागं टेकून बसलेला पांडू तांडेल, सुकाणूचा दांडा काखेत धरून. तो ओरडून गड्यांना काहीतरी सांगत होता आणि नाव सुतासारखी सरळ आत येत होती.

जानकीबाय डॉक्टरांना म्हणाली, "नारळ त्याच्याच हातनं वायला. पाय येक येळ पन उतरवला नाय, डॉक्टर. तुमी सांगितला तसाच."

डॉक्टर तसेच बुटांसकट पाण्यात शिरले. मी साडी खोचून मागोमाग. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला. गड्यांनी वल्ही वर घेतली. डॉक्टर नावेच्या काठाला धरून उभे राहिले, मेणकापड मागं सारलं, प्लास्टर कोरडं आहे का ते चाचपून बघितलं. मग तांडेलाच्या पायाच्या बोटांमागे अंगठा दाबला आणि काढला.

तांडेल पायाकडे बघतच नव्हता. तो डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होता. किनाऱ्यावर जानकीबाय, ती खलाशाची बायको, सगळे तसेच उभे.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा अंगठा दाबला. मग नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि नेहमीसारखं माझ्याकडे न बघता म्हणाले,

"सिस्टर, एक भोक खाली."